प्रकरण सतरावे : गुडघे कोणी टेकायचे

"नाही म्हणजे नाही," देओग्रासियास ओरडले, आणि अंगातल्या कांझूच्या, त्या पायघोळ पांढऱ्या झग्याच्या, गळ्याचं बटण तुटून त्यांच्या हातात आलं.

शनिवार, सकाळचे साडेआठ. अंगणात दोन मांडव समोरासमोर उभे होते, एक मुलीकडच्यांचा, एक मुलाकडच्यांचा, मधे चटया. मागे केळीच्या पानांत बांधलेल्या कोंबड्या वाफेवर चढल्या होत्या. दहा वाजता मुलाकडचे येणार आणि त्यांच्या मुलीला, रेजिनाला, रीतसर मागणी घालणार. आणि घरातली पाच माणसं या क्षणी झोपायच्या खोलीत दार लावून भांडत होती, कारण

(कारण नेहमीचंच. ती.)

कारण देओग्रासियास यांची धाकटी बहीण पर्पेतुआ नाकायेंगा पलंगाच्या कडेवर बसून टाचांना व्हॅसलीन चोळत होती, जणू भांडण शेजारच्या घरात चाललंय.

"मी अजून काही बोललेच नाहीये, दादा."

"तू न बोलता एवढं होतं. बोलल्यावर काय होतं ते सगळा देश बघतो. दर सोमवारी. सात वाजता."

सोमवारी सात वाजता तिचा कार्यक्रम असे. नाव 'प्रश्न'. गेल्या सोमवारी समोर राज्यमंत्री सेरुबिरी बसले होते आणि तिने त्यांना एकच प्रश्न सात वेळा विचारला होता: जिल्हा रुग्णालयाचा जनरेटर कुठे आहे? सातव्या वेळी साहेब उठले आणि तरातरा निघून गेले. कॉलरला माइक तसाच. त्यामुळे जिन्यातून उतरताना ते ड्रायव्हरला काय म्हणाले तेही देशाने ऐकलं. ते म्हणाले, "ही बाई कुठल्या घरची आहे? हिला कोणी वळण लावलं नाही?"

वळण लावण्याचं काम ज्यांच्याकडे होतं ते देओग्रासियास तेव्हा मसाका शहराजवळच्या याच घरात मटोके, म्हणजे उकडलेली कच्ची केळी, खात टीव्ही बघत होते. त्यांनी ताट बाजूला सारलं. कारण राज्यमंत्री सेरुबिरी म्हणजे रेजिनाच्या होणाऱ्या नवऱ्याचे सख्खे काका. सिल्व्हरचा बाप तो लहान असतानाच गेला, वाढवला काकांनी. आज मुलाकडच्यांत मुख्य तेच.

"तुला माहीत होतं ना, ते कोण आहेत?" देओग्रासियास यांनी आज पाचव्यांदा विचारलं.

"होतं."

"मग?"

"दादा, जनरेटर सोयरीक जमायच्या आधी हरवलाय."

"ऐका!" देओग्रासियास यांची बायको मॉडेस्ता म्हणाली. ती भिंतीकडे तोंड करून बोलत होती. नणंदेवरचा राग ती बावीस वर्षं भिंतीलाच सांगत आली होती. "ऐका हिचं. पोरीच्या संसारात धोंडा पडला तरी चालेल, पण हिचा जनरेटर सापडला पाहिजे."

"माझा नाही, वहिनी. रुग्णालयाचा."

"बघा! बघा!"

मांडीवरचा फोन देओग्रासियास यांनी पुन्हा उचलला. सकाळी सहाला निरोप आला होता, मुलाकडचे बोलणारे म्हातारे म्बाझीरा यांचा. मागणीच्या दिवशी घरची माणसं एकमेकांशी थेट बोलत नाहीत, दोन्हीकडचे ठरलेले बोलणारे बोलतात. म्बाझीरा या कामात मुरलेले. लिहिलं होतं गोड, अर्थ कडू: आत्याबाई समोर दिसू नयेत. साहेबांना ते बरं वाटणार नाही. दुसऱ्या कोणाला आत्या म्हणून बसवा, नाहीतर आमच्या गाड्या मसाकातूनच मागे फिरतील.

आणि आत्याशिवाय मागणी होत नाही. मुलगा पहिल्यांदा येतो तो आत्याकडे. ती त्याला पारखते, त्याचं पत्र मुलीच्या बापाकडे आणते, आणि मागणीच्या दिवशी सगळ्यांदेखत त्याला पाहुण्यांतून उचलून त्याच्या छातीवर फूल लावते. तोवर तो कोणीच नसतो. वाट चुकलेला माणूस.

"मी बसते ना," फेलिस्तास म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. फेलिस्तास ही चुलत बहीण, जिंजाहून आलेली. काल संध्याकाळपर्यंत ती नाकायेंगाच्या पक्षात होती. "आमची बहीण आहे म्हणून या देशात कोणीतरी कोणाला घाबरतं," असं आल्या आल्या तिनेच सगळ्यांना सुनावलं होतं. आज तिने नवीकोरी जांभळी गोमेसी घातली होती आणि त्या पायघोळ पोशाखाच्या खांद्यावरची टोकं कुत्र्याच्या कानासारखी ताठ उभी होती.

"मीही आत्याच लागते. चुलत असले म्हणून काय झालं?"

"सिल्व्हरला पाहिलंयस कधी?" नाकायेंगाने विचारलं.

"फोटो पाहिलाय. दाढी आहे, रुंद छाती आहे."

"दाढी त्याने या आठव—"

"एक शब्द नको!" देओग्रासियास यांचा आवाज छपराला लागला. "एक शब्दही नको आज तुझ्या तोंडून! कुठलाही!"

ती गप्प बसली.

रेजिना इतका वेळ खिडकीशी उभी होती, केस अर्धे बांधलेले. ती वळली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते, आणि देओग्रासियास यांना ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

"आत्या, मला बँकेत कोणी नावाने हाक मारत नाही. चर्चमध्येही नाही. सगळीकडे मी 'प्रश्नवाल्या बाईंची भाची'. मला त्याचं काही नाही. पण आज एक दिवस तू नसशील का? फक्त आज."

बाहेर कोणीतरी ध्वनिक्षेपक तपासत होतं. एक, दोन. एक, दोन.

"ठीक आहे," नाकायेंगा म्हणाली.

"ठीक आहे म्हणजे?" मॉडेस्ता भिंत सोडून वळली.

"मी स्वयंपाकघरात बसते. तुझा दिवस आहे, रेजिना. माझा कार्यक्रम नाही."

तिने पर्समधून कापडी फूल काढलं आणि फेलिस्तासच्या हातावर ठेवलं. देओग्रासियास यांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. ही बाई इतक्या सहज कधी ऐकत नाही, एवढंच त्यांच्या मनात आलं आणि त्यांना त्याचाही वैताग आला.


*छापील कार्यक्रमपत्रिका : १०.०० पाहुण्यांचे आगमन*
*(पाहुणे बारा चाळीसला आले.)*

वाट बघण्याच्या त्या पावणेतीन तासांत देओग्रासियास मांडवातल्या पहिल्या खुर्चीवर बसून एक जुनी यादी मनात वाचत होते. ती यादी कधी पूर्ण होत नसे. मधेच रक्तदाब वाढे.

सुरुवात रेडिओपासून. नाकायेंगाला पहिलं काम मिळालं ते मृत्यूच्या सूचना वाचायचं. अमक्या गावचे अमके गेले, माती अमुक दिवशी, तमक्या भावाने जिथे असेल तिथून घरी यावं. पोरीचा आवाज खणखणीत, म्हाताऱ्या माणसांना आवडायचा. सगळं सुरळीत होतं. मग एका संध्याकाळी एका बाळंतिणीच्या मृत्यूची सूचना वाचून झाल्यावर ती थांबली आणि कागदावर नसलेलं बोलली: "या महिन्यात याच रुग्णालयातून मी वाचलेली ही चौथी बाळंतीण. का?"

का! एवढाच शब्द. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. आठवड्याने एका टीव्हीवाल्याने बोलावलं, त्याला तो 'का' आवडला होता. तिथे तिने बिशपना चर्चच्या शाळेच्या जमिनीबद्दल विचारलं. देओग्रासियास त्याच चर्चच्या दुसऱ्या शाळेत मुख्याध्यापक! पंधरा दिवसांत त्यांची बदली सरोवरातल्या सेसे बेटांवर. दोन वर्षं मासे. मग ती दुसऱ्या वाहिनीवर गेली आणि निवडणुकीत ती वाहिनीच बंद पडली. नाकायेंगा नऊ दिवस कोठडीत. कोठडीबाहेर घोंगडी आणि चहाचा थर्मास घेऊन कोण उभं? कोण विनवत होतं शिपायाला, "साहेब, तिला दमा आहे"? (तिला दमा नव्हता.) आणि बाहेर आल्यावर पहिलं वाक्य काय, तर "दादा, तुला त्या शिपायाचा क्रमांक दिसला का? त्याच्याकडून एक माहिती—"

इथे रक्तदाब.

आणि तरी घरी आली की ती त्यांच्यापुढे गुडघे टेकून नमस्कार करायची. टीव्हीवर पायावर पाय टाकून मंत्र्यांसमोर बसणारी ही बाई अंगणात शिरली की थेट जमिनीवर. शेजारच्या म्हाताऱ्यांपुढे, पाहुण्यांपुढे, सगळ्यांपुढे. त्यात तिला कधी कमीपणा वाटला नाही. "नमस्कार वेगळा, उत्तर देणं वेगळं," म्हणायची.


*११.०० दोन्हीकडच्या बोलणाऱ्यांचा संवाद*

"कोण तुम्ही?" मुलीकडचे बोलणारे कासोलो यांनी ध्वनिक्षेपक तोंडाला लावला. "एवढ्या गाड्या घेऊन? रस्ता चुकलात की काय? बाजार पलीकडे आहे."

"बाबा, आमची एक शेळी हरवली," म्बाझीरा नम्रपणे म्हणाले. "तिची पावलं या अंगणात आलीयेत."

"शेळीला भेटायला कोट घालून आलात?"

"शेळी मोठ्या घरची आहे, बाबा."

हशा. पांढऱ्या कांझूंवर काळे कोट, तीस पुरुष एका ओळीत. सगळे एकाच पिशवीतून काढल्यासारखे. मधे मोठ्या खुर्चीत राज्यमंत्री सेरुबिरी, हात मांडीवर, चेहरा फोटोतल्यासारखा. त्यांच्या शेजारी एक सडपातळ माणूस, गळ्यात कॅमेरा. हा साहेबांबरोबर सगळीकडे असतो, शाळेच्या उद्घाटनापासून ते अंत्ययात्रेपर्यंत.

"बरं, शेळी आहे असं धरू," कासोलो म्हणाले. "पण तुमच्यात तिचा धनी कोण, हे आमची आत्या सांगेल. आत्या!"

ढोल वाजला. फेलिस्तास नाचत आली, गोमेसीचे खांदे डोलवत, फूल उंच धरून. बायकांनी जिभा हलवत आनंदाची किलकारी दिली. ती ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. परत आली. तिची पावलं ढोलावर होती, पण डोळे नव्हते. देओग्रासियास यांना तिच्या पाठीवरून कळलं की काहीतरी बिनसलंय.

ओळीत दाढी नव्हती. म्हणजे एकच होती. अगदी शेवटी. रुंद छाती, दाट दाढी, सरळ समोर बघणारा.

फेलिस्तासने फूल त्याच्या छातीला लावलं. त्याने तिचं मनगट धरलं. घट्ट. सवयीने.

ढोल थांबला.

तो साहेबांचा अंगरक्षक होता.

सिल्व्हर चार माणसं अलीकडे उभा होता, तोंड गुळगुळीत, रंग उडालेला. याच आठवड्यात दाढी काढलेली.

"ही आमची गंमत!" कासोलो ओरडले. "आमची आत्या पाहुण्यांची परीक्षा घेतेय!"

कोणी हसलं नाही. म्बाझीरा हळू पुढे आले. आता त्यांच्या आवाजात शेळी नव्हती.

"बाबा, आम्ही तीस माणसं उन्हातून आलो. आणि या घराला आमचा मुलगाच ठाऊक नाही. मग आम्ही कोणाकडे आलो?"

मागच्या रांगेत दोन खुर्च्या सरकल्या. मग आणखी एक. अशा वेळी पाहुणे उठून गेले तर त्यांना कोणी वाईट म्हणत नाही, आणि उठून गेलेले पाहुणे पुन्हा येत नाहीत. हे त्या अंगणात पोरासोरांनाही माहीत होतं. घरातून, पडद्यामागून, रेजिनाचा एक तुटलेला आवाज आला.

तेवढ्यात राज्यमंत्री सेरुबिरी यांनी हात वर केला. म्बाझीरांनी ध्वनिक्षेपक त्यांच्याकडे दिला. मुख्य माणसाने स्वतः बोलायचं नसतं, पण साहेबांना कोण अडवणार?

"कासोलो, रागावू नका. आम्हीही रागावलो नाही," साहेब मऊ आवाजात म्हणाले. "आमच्या मुलाचं पत्र ज्यांनी घेतलं, त्या या आत्या नव्हेत. त्यांना बोलवा. त्या येऊ देत. पद्धतीप्रमाणे आधी पाहुण्यांना नमस्कार करू देत. मग पद्धतीप्रमाणे मुलगा दाखवू देत. आमचं मन भरेल."

मांडवातून सुटकेचा सुस्कारा गेला. देओग्रासियास यांचाही त्यात होता. किती समजूतदार माणूस, त्यांना वाटलं. मीच उगीच—

खिशात फोन थरथरला. पुन्हा. पुन्हा.


*ग्रुप : रेजिनाची मागणी (घरचेच)*

मॉडेस्ता : अहो
मॉडेस्ता : अहो बघा तो कॅमेरावाला उठलाय
मॉडेस्ता : चटईपुढे येऊन बसलाय. कॅमेरा खालून धरलाय. साहेब वर दिसणार, ही खाली
रेजिना : आई हे सगळ्या ग्रुपवर येतंय
मॉडेस्ता : येऊ दे
मॉडेस्ता : ती खाली बसली की झालं. उद्या देशभर हाच फोटो. प्रश्नवाल्या बाईंनी गुडघे टेकून माफी मागितली
फेलिस्तास : माझी काय चूक त्याला दाढी नव्हती
मॉडेस्ता : मला तिचा किती वैताग येतो देवाला माहीत. पण हे असं नाही
मॉडेस्ता : अहो काहीतरी करा
नाकायेंगा : येतेय


सासूने जावयाच्या समोर यायचं नसतं म्हणून मॉडेस्ता घरात पडद्यामागे बसली होती, आणि तिथूनच तिला हे दिसलं होतं. मांडवात बसलेल्या शंभर जणांना दिसलं नाही. देओग्रासियास यांनी मान वर केली. सडपातळ माणूस खरंच चटईच्या कडेला एका गुडघ्यावर होता. कॅमेऱ्याचा डोळा वर साहेबांकडे, आणि मधे रिकामी जागा. एका बाईच्या मापाची.

ती स्वयंपाकघराच्या बाजूने आली. जुनी गोमेसी, पदराला काजळी, पाय अनवाणी. ढोल वाजवायचं कोणाला सुचलं नाही.

चटईच्या काठाशी ती थांबली आणि तिने कॅमेऱ्याकडे पाहिलं. क्षणभरच. इतकी वर्षं कॅमेऱ्यासमोर बसणाऱ्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. मग तिने साहेबांकडे पाहिलं. ते हसले.

देओग्रासियास यांनी तिचा उजवा हात पाहिला. अंगठा करंगळीवर दाबलेला. लहानपणी मार खायच्या आधी ती असं करायची.

हिशोब सरळ होता. ती वाकली, तर सोमवारी तिच्यासमोर बसणारा प्रत्येक जण तो फोटो मनात घेऊन बसेल. विचारा बाई, काय विचारायचं ते, शनिवारी बघितलंय तुम्हाला. पुन्हा कोणी माइक लावून पळणार नाही, पळायची गरजच उरणार नाही. न वाकली, तर तीस खुर्च्या सरकतील आणि पडद्यामागची मुलगी आयुष्यभर भिंतीशी बोलेल.

नाकायेंगाने घराच्या खिडकीकडे पाहिलं. पडद्याची कडा हलली.

आणि तिचे गुडघे वाकू लागले.

ती वाकतेय. देओग्रासियास यांना दिसलं. पोरीसाठी वाकतेय, आणि उद्या तोंडातून चकार शब्दही काढणार नाही. जिने आयुष्यात एक गोष्ट गिळली नाही ती ही गिळणार. चाळीस वर्षं ते हीच एक गोष्ट मागत आले होते देवाकडे: हिने एकदा तरी गप्प बसावं. आता ते घडत होतं आणि त्यांना ते बघवेना. इतका संताप आला त्यांना, तिचा, साहेबांचा, त्या दाढीचा, स्वतःचा, की ते कधी उठले हे त्यांनाच कळलं नाही.

"देओ!" कासोलो कुजबुजले. "बसा! तुम्ही मुलीचे बाप आहात!"

ते चटईवर गेले. बहिणीच्या पुढे जाऊन उभे राहिले, पाठ तिच्याकडे, तोंड पाहुण्यांकडे.

"उभी राहा," ते न वळता म्हणाले.

"दादा, रेजिना—"

"उभी राहा. जन्मात एकदा माझं ऐक."

आणि देओग्रासियास सेंकुबुगे, निवृत्त मुख्याध्यापक, मुलीचा बाप, मागणीला आलेल्या लोकांसमोर दोन्ही गुडघ्यांवर खाली बसले.

मांडवात कोणीतरी किंचाळलं.

असं कोणी पाहिलं नव्हतं. मागायला आलेल्याने वाकायचं असतं, देणाऱ्याने नाही. व्याही गुडघ्यावर बसला तर पाहुणा गुडघ्यावरही राहू शकत नाही, त्याला त्याच्याही खाली जावं लागतं. म्हातारे म्बाझीरा यांनी दोन्ही हात वर केले आणि बोंब ठोकली:

"खाली! सगळे खाली! पालथे पडा रे! मुलीचा बाप गुडघ्यावर बसलाय!"

पहिला सिल्व्हर कोसळला. मग ओळच्या ओळ, पिकल्या केळ्यांच्या घडासारखी. कोट, कांझू, टोप्या. बायका कडेला चटईवर आडव्या. अंगरक्षक छातीवरचं फूल सांभाळत खाली गेला. सडपातळ माणूस तेवढा अजून एका गुडघ्यावर होता. म्बाझीरांनी पडल्या पडल्या त्याची मान धरली.

"तूही! तू काय पाहुणा नाहीस? तोंड खाली!"

कॅमेरा चटईत रुतला.

खुर्चीत एकटे साहेब उरले. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. सगळीकडे पाठी. त्यांच्या पायाशी आडवी पडलेली त्यांची म्हातारी मावशी मान न उचलता ठणकावून बोलली, आणि ते मागच्या रांगेपर्यंत ऐकू आलं:

"उतर खुर्चीतून, मेल्या! कुळाला काळं फासतोस का?"

राज्यमंत्री सेरुबिरी उतरले. आधी गुडघे, मग हातांचे तळवे.

अंगणात आता एकच माणूस उभं होतं.

"बोलू नकोस," देओग्रासियास दात आवळून म्हणाले. "देवाशपथ, आत्ता जर तू त्याला काही विचारलंस—"

"मी आज कामावर नाहीये, दादा," नाकायेंगा म्हणाली.

ती अंगरक्षकाजवळ गेली, त्याच्या अंगाखालून चुरगळलेलं फूल सोडवून घेतलं. मग पालथ्या पडलेल्या माणसांच्या मधून चालू लागली. तीस पाठी. तीस माना. एकाचाही चेहरा दिसत नव्हता. मांडवातले लोक माना उंचावून बघत होते. आता हिचंही चुकलं तर?

ती थबकलीही नाही. कारण तीन रविवार सिल्व्हर कंपालातल्या तिच्या घरी येत होता, आणि तिने त्याला बसू दिलं नव्हतं. तो मोरीशी उभा राहून तिची भांडी घासत होता आणि ती मागून प्रश्न विचारत होती. राग आला की काय करतोस? रेजिनाला तुझ्याहून मोठी नोकरी मिळाली तर? काकांनी एक सांगितलं आणि तिने दुसरं, तर? तिला त्याचा चेहरा जेमतेम आठवत असेल. पाठ मात्र तिला पाठ होती.

ती एका पाठीशी थांबली आणि खाली बसली. दोन्ही गुडघ्यांवर, रीतसर, जशी आत्या बसते. साहेबांकडे तिची पाठ होती.

"हा," ती म्हणाली. ध्वनिक्षेपक लागला नाही, तो आवाज मुळातच तसा होता. "याला मी ओळखते. हा आमचा." आणि फूल त्याच्या कॉलरला मागून टोचलं. "मान वर कर, सिल्व्हर. आणि दाढी काढायच्या आधी यापुढे घरात विचारत जा."

पडद्यामागून पहिली किलकारी मॉडेस्ताची आली. मग ढोल, मग सगळाच मांडव.

लोक उठू लागले, कपडे झटकू लागले, एकमेकांना मिठ्या मारू लागले. त्या गदारोळात चटईच्या मधोमध दोघं अजून गुडघ्यांवरच होते, समोरासमोर, हातभर अंतरावर. आधी तुम्ही उठा, आधी तुम्ही उठा. राज्यमंत्री सेरुबिरी यांच्या कपाळाला गवताची काडी चिकटली होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि पुढे झुकले.

"व्याही," ते दबक्या आवाजात म्हणाले, "आता आपण एक झालो. तेव्हा सोमवारचं ते जरा... तुम्ही थोरले भाऊ. तुमचं ती ऐकेल. तिला सांगा ना."

देओग्रासियास यांनी त्यांच्याकडे पाहिलं. सेसे बेटं आठवली, घोंगडी आठवली, थर्मास आठवला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना या माणसाबद्दल मनापासून सहानुभूती वाटली.

"साहेब, मी ती चार वर्षांची होती तेव्हापासून सांगतोय," ते म्हणाले. "पण आता तुम्हीही घरचेच. सोमवारी सातला जा, आणि तुम्हीच सांगून बघा."